हार्ड डिस्कला फ्लॅशची जोड (२००५ ते २०२२)

हार्ड डिस्कच्या जोडीला थोडी फ्लॅश मेमरी देऊन संगणक वेगवान करण्याचे किमान पाच मार्ग २००५ ते २०२२ या काळात बाजारात आले. कोणी ती यूएसबी पोर्टात खोचलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवली, कोणी मदरबोर्डवर बसवली, कोणी हार्ड डिस्कच्या पोटात घातली, कोणी हार्ड डिस्कशेजारी छोटी एसएसडी (पूर्ण फ्लॅशची ड्राइव्ह) दिली, तर कोणी दोन्ही जोडून त्यांची एकच ड्राइव्ह केली. हे सगळे मार्ग एकाच अडचणीतून निघाले आणि घरगुती संगणकांतून बहुतेक एकाच कारणाने मागे पडले.

अडचण कुठे होती

हार्ड डिस्क हे फिरत्या चकत्यांचे यंत्र आहे. २००५ च्या सुमारास लॅपटॉपमधली चकती सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेत असे, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागत. हवी ती माहिती हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागे. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जाई. इकडेतिकडे विखुरलेली माहिती वाचायची तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ६० ठिकाणे गाठू शके. प्रत्येक ठिकाणी चार किलोबाइट वाचले, तर सेकंदाला हाती पडत २४० किलोबाइट. तीच डिस्क सलग पडलेली मोठी फाइल सेकंदाला काही दशक मेगाबाइट या वेगाने वाचत असे. म्हणजे चित्रपट पाहताना डिस्क पुरी पडे, पण संगणक सुरू होताना किंवा एखादा प्रोग्राम उघडताना, जेव्हा शेकडो लहान फायली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात, तेव्हा ती धापा टाकू लागे. तेवढ्या वेळात दोन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दर खेपेला तीन कोटींहून अधिक ठोके रिकामा बसे.

ही दरी वर्षानुवर्षे रुंदावत गेली होती. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रामॅक संगणकाच्या डिस्कवर ५० लाख अक्षरे मावत आणि त्यातली माहिती गाठायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. पन्नास वर्षांत डिस्कची क्षमता वीस हजार पटींच्याही पुढे गेली, पण माहिती गाठण्याचा वेळ तीस-चाळीस पटींनीच घटला. चकती किती जोरात फिरवायची आणि हेड किती चपळ करायचे, याला यंत्राच्या मर्यादा होत्या.

फ्लॅश मेमरीत काहीच फिरत किंवा सरकत नाही. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार आणि १९८७ मध्ये नँड हा दुसरा प्रकार जगापुढे मांडला. नँड फ्लॅशमधली कोणतीही जागा वाचायला मायक्रोसेकंदांचा हिशोब लागतो आणि वीज गेली तरी माहिती टिकते. तिच्यात दोष दोन होते. लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहायचे तर आधी एक मोठा ब्लॉक सबंध पुसावा लागतो, आणि असे पुसणे ठरावीक वेळाच जमते. एका पेशीत एक बिट ठेवणारी महाग फ्लॅश सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसे, दोन बिट ठेवणारी स्वस्त फ्लॅश त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी.

किंमत ही तिसरी अडचण होती. १९९१ मध्ये सॅनडिस्कने आयबीएमसाठी बनवलेली २० मेगाबाइटची फ्लॅश ड्राइव्ह सुमारे हजार डॉलरना पडत होती. पुढे डिजिटल कॅमेरे, पेन ड्राइव्ह आणि संगीत ऐकण्याची छोटी उपकरणे यांनी फ्लॅशला मोठी गिऱ्हाइके मिळवून दिली. सप्टेंबर २००५ मध्ये अ‍ॅपलने फ्लॅशवर चालणारा आयपॉड नॅनो आणला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुढच्या पुरवठ्यासाठी पाच उत्पादकांना मिळून सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देण्याचे करार जाहीर केले. इंटेल आणि मायक्रॉन यांनी त्याच महिन्यात फ्लॅश बनवण्यासाठी संयुक्त कंपनी काढण्याची घोषणा केली. तरीही सबंध हार्ड डिस्क काढून तेवढीच फ्लॅश बसवणे परवडणारे नव्हते. जानेवारी २००८ मधल्या मॅकबुक एअरमध्ये ८० गिगाबाइटची हार्ड डिस्क नको आणि ६४ गिगाबाइटची एसएसडी हवी, तर फक्त त्या बदलासाठी ९९९ डॉलर जादा मोजावे लागत.

सगळी फ्लॅश परवडत नसेल तर थोडी घ्यावी, हा विचार इथून पुढे आला. त्याला आधार होता संगणक वापरण्याच्या सवयीचा. डिस्कवर शेकडो गिगाबाइट असले तरी रोजच्या कामात त्यातला लहानसा भागच पुन्हा पुन्हा लागतो. कोठीत पोती भरलेली असली तरी रोजच्या फोडणीचे जिन्नस ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात असतात, तसा हा भाग फ्लॅशमध्ये ठेवला तर डिस्ककडे जाण्याच्या खेपा वाचणार होत्या. अशा साठ्याला संगणकशास्त्रात कॅश म्हणतात. प्रश्न दोनच उरत होते. फ्लॅश कुठे बसवायची आणि तिच्यात काय ठेवायचे हे कोणी ठरवायचे? पुढच्या प्रत्येक प्रयत्नाने या दोन प्रश्नांची वेगळी उत्तरे दिली.

पेन ड्राइव्हचा मार्ग

मायक्रोसॉफ्टची व्हिस्टा ही ऑपरेटिंग सिस्टिम जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली. तिला रॅम भरपूर लागे, आणि त्या वेळी वापरात असलेल्या पुष्कळ संगणकांत ५१२ मेगाबाइटच रॅम होती. रॅम अपुरी पडली की सिस्टिम वारंवार डिस्ककडे धावे. यावर मायक्रोसॉफ्टने रेडीबूस्ट नावाची सोय दिली. पेन ड्राइव्ह लावली की समोर येणाऱ्या खिडकीत ‘स्पीड अप माय सिस्टिम’ असा पर्याय दिसे. तो निवडला की व्हिस्टा त्या ड्राइव्हची परीक्षा घेई. चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला अडीच मेगाबाइट आणि ५१२ किलोबाइटचे तुकडे लिहिताना पावणेदोन मेगाबाइट, एवढा वेग मिळाला तरच ड्राइव्ह स्वीकारली जाई. बाजारातल्या कित्येक स्वस्त पेन ड्राइव्ह या परीक्षेत नापास होत. उत्तीर्ण झालेल्या ड्राइव्हवर २५६ मेगाबाइट ते चार गिगाबाइट आकाराची एक फाइल तयार होऊन तीच कॅश बने.

पेन ड्राइव्ह कोणत्याही क्षणी कोणीही उपटू शकतो, हे गृहीत धरूनच रेडीबूस्टची रचना झाली होती. तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीची मूळ प्रत डिस्कवर असेच, त्यामुळे ड्राइव्ह काढली तरी काही बुडत नसे. ड्राइव्ह चोरीला गेली तर आतले वाचता येऊ नये म्हणून सगळे सांकेतिक रूपात लिहिले जाई. लांबलचक सलग वाचन मात्र व्हिस्टा डिस्ककडेच सोपवी, कारण त्या कामात डिस्क पेन ड्राइव्हला मागे टाके.

याच सावधपणाची किंमत रेडीबूस्टला मोजावी लागली. सांकेतिक लिपीची किल्ली संगणक प्रत्येक वेळी सुरू होताना नव्याने तयार होई, त्यामुळे आदल्या दिवशीची कॅश दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरे. संगणक सुरू होण्याचा वेळ, जो लोकांना सर्वाधिक खुपत होता, तो या सोयीने कमी होण्यासारखा नव्हता. ५१२ मेगाबाइट रॅमच्या संगणकात फरक जाणवे, एक गिगाबाइटच्या पुढे तो विरत जाई. त्यातच २००७ मध्ये रॅमचे भाव कोसळले. पेन ड्राइव्हच्या पैशांत रॅमच वाढवता येऊ लागली आणि रॅम फ्लॅशहून कितीतरी वेगवान होती. विंडोज ७ मध्ये रेडीबूस्टची मर्यादा वाढली, पण संगणकात एसएसडी असेल तर ही सिस्टिम स्वतःच सांगे की संगणक पुरेसा वेगवान आहे, रेडीबूस्टची गरज नाही.

मदरबोर्डचा मार्ग

इंटेलने ऑक्टोबर २००५ मध्ये तैवानमधल्या आपल्या परिषदेत ‘रॉब्सन’ या सांकेतिक नावाचे तंत्र दाखवले होते. मे २००७ मध्ये नव्या सेंट्रिनो लॅपटॉपांबरोबर ते ‘टर्बो मेमरी’ या नावाने विक्रीला आले. ५१२ मेगाबाइट किंवा एक गिगाबाइट फ्लॅश असलेले हे छोटे कार्ड लॅपटॉपच्या आतल्या खाचेत बसे. ते कोणी उपटून नेण्याची भीती नसल्याने बंद-चालू होऊनही कॅश टिके, सिस्टिम सुरू होतानाही उपयोगी पडे आणि डिस्कची चकती अधिक वेळ थांबवून ठेवता आल्याने बॅटरी वाचे. कागदावर हा मार्ग रेडीबूस्टहून सरस होता.

प्रत्यक्षात एक गिगाबाइटचेही दोन वाटे होत. एक रेडीबूस्टला जाई, दुसरा डिस्कच्या कॅशला. दोन्ही अपुरे पडत. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागे आणि फायदा व्हिस्टावरच मिळे. एचपीने लाभ खर्चाच्या मानाने थोडा असल्याचे सांगून आपल्या लॅपटॉपांत हे कार्ड घालायचे नाकारले. पुढच्या वर्षी इंटेलने मोठी कार्डे आणली आणि कोणते प्रोग्राम फ्लॅशमध्ये कायम राहावेत हे वापरणाऱ्याला निवडू दिले. पण तोवर इंटेलच्याच कारखान्यातून दुसरे उत्पादन बाहेर पडले होते. सप्टेंबर २००८ मध्ये आलेली एक्स२५-एम ही ८० गिगाबाइटची एसएसडी घाऊक भावात ५९५ डॉलरना होती. महाग असली, तरी पूर्ण फ्लॅशवर चालणारा संगणक कसा वाटतो हे तिने दाखवून दिले. तिच्यापुढे टर्बो मेमरी फिकी पडली.

डिस्कच्या पोटात

हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनी तिसरा मार्ग धरला. एप्रिल २००५ मध्ये सॅमसंग आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हायब्रिड डिस्कचा नमुना दाखवला. जानेवारी २००७ मध्ये सॅमसंग, सीगेट, हिताची, तोशिबा आणि फुजित्सू यांनी या डिस्कच्या प्रसारासाठी एकत्र आघाडीही स्थापन केली. त्याच वर्षी सॅमसंगच्या १२८ आणि २५६ मेगाबाइट फ्लॅशच्या डिस्क बाजारात आल्या, पाठोपाठ सीगेटचीही आली. या पहिल्या पिढीत फ्लॅश डिस्कमध्ये असली तरी तिच्यात काय ठेवायचे हे व्हिस्टा ठरवी. इतर सिस्टिमांवर ती साधी डिस्कच राही. शिवाय जेमतेम २५६ मेगाबाइटमध्ये नव्या सिस्टिमचे रोजचे सामान मावण्यासारखे नव्हते. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि आघाडीही विस्मरणात गेली.

सीगेटने मात्र या अपयशातून धडा घेतला. मे २०१० मध्ये तिने मोमेंटस एक्सटी ही ५०० गिगाबाइटची डिस्क आणली. तीत फ्लॅश चार गिगाबाइट होती, म्हणजे पहिल्या पिढीच्या सोळापट, आणि चकती मिनिटाला ७२०० फेऱ्यांची होती. मुख्य बदल अधिकाराचा होता. कोणती माहिती वारंवार मागितली जाते याची नोंद डिस्क स्वतः ठेवी आणि ती फ्लॅशमध्ये उतरवून घेई. सिस्टिम कोणतीही असो, ड्रायव्हर लागत नसे. जुनी डिस्क काढून ही बसवली आणि तोच प्रोग्राम तीन-चारदा उघडला की फरक दिसू लागे. लिहिण्यासाठी फ्लॅश वापरलीच जात नसल्याने वीज गेल्यास माहिती हरवण्याचा धोकाही नव्हता. दुसऱ्या बाजूने, डिस्कला फायली दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिलेले ठोकळे दिसतात. एखादा ठोकळा महत्त्वाचा आहे की सहज एकदा वाचला गेला, हे तिला अंदाजानेच ओळखावे लागे. पहिल्यांदा उघडलेल्या गोष्टीला चकतीचाच वेग मिळे. तरीही घरगुती संगणकांत सर्वांत सुटसुटीत ठरलेला जोडमार्ग हाच होता.

सर्व्हरचे वेगळे गणित

याच काळात मोठ्या सर्व्हरवर फ्लॅशची जोड अधिक विचारपूर्वक दिली जात होती. सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये आपल्या झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये रॅमच्या कॅशखाली फ्लॅशच्या कॅशची दुसरी पायरी घातली. वाचणे आणि लिहिणे यांच्या गरजा वेगळ्या आहेत हे ओळखून सनने त्यांच्यासाठी दोन वेगवेगळ्या प्रकारची फ्लॅश वापरली. वाचण्यासाठी मोठी आणि स्वस्त, लिहिण्याची नोंद झटपट टिपून घेण्यासाठी छोटी आणि टिकाऊ. वाचनाच्या फ्लॅशवर मुळात सेकंदाला आठच मेगाबाइट लिहायचे असा लगाम होता. कॅश सावकाश भरली तरी चालेल, पण पुसून-पुसून फ्लॅश झिजू नये, हा त्यामागचा हेतू. अशी कॅश तापायला तास लागत, पण महिनोन्महिने बंद न होणाऱ्या सर्व्हरला ते चालत असे.

फेसबुकने २०१० मध्ये आपल्या मायएसक्यूएल डेटाबेससाठी लिहिलेले फ्लॅशकॅश सर्वांसाठी खुले केले. २०१३ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात ३.९ आवृत्तीत डीएम-कॅश आणि ३.१० मध्ये केंट ओव्हरस्ट्रीट यांचे बीकॅश दाखल झाले. बीकॅश चार मेगाबाइटच्या पुढचे सलग वाचन-लेखन फ्लॅशला वळसा घालून थेट डिस्ककडे पाठवी. व्हिस्टाने पेन ड्राइव्हसाठी केलेला हाच विचार इथे सर्व्हरच्या पातळीवर आला होता.

सर्व्हरवर ही जोड टिकली याचे कारण साठ्याच्या आकारात आहे. घरच्या संगणकातली माहिती कधी ना कधी परवडणाऱ्या एसएसडीत मावणार होती. शेकडो टेराबाइटच्या साठ्याला ती मुभा नव्हती.

शेजारी एसएसडी

मे २०११ मध्ये इंटेलने झेड६८ या चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स तंत्र आणले. यात १८.६ ते ६४ गिगाबाइटपर्यंतची कोणतीही एसएसडी हार्ड डिस्कची कॅश म्हणून जोडता येई. इंटेलने त्यासाठी २० गिगाबाइटची टिकाऊ एसएसडीही काढली. वापरणाऱ्याला दोन पद्धतींतून निवड करायची असे. पहिलीत लिहिलेली गोष्ट फ्लॅशवर आणि डिस्कवर एकदमच जाई, त्यामुळे सुरक्षितता होती पण लेखनाचा वेग डिस्कचाच राही. दुसरीत ती आधी फ्लॅशवर आणि नंतर सवडीने डिस्कवर जाई. वेग वाढे, पण मधल्या वेळात एसएसडी बिघडली तर डिस्कवर जुनीच प्रत उरे. टर्बो मेमरीच्या वीसपट जागा मिळाल्याने सबंध सिस्टिम आणि रोजचे प्रोग्राम कॅशमध्ये मावू लागले. २०११ नंतर आलेल्या सडपातळ अल्ट्राबुक लॅपटॉपांपैकी स्वस्त मॉडेलांत हीच जोडी सर्रास दिसे.

२०११ च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथे असल्याने उत्पादन ठप्प झाले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. फ्लॅश मात्र स्वस्तच होत होती. पूर्ण एसएसडीकडे जाणाऱ्यांना हे आणखी एक निमित्त मिळाले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अ‍ॅपलने फ्यूजन ड्राइव्ह जाहीर केली. १२८ गिगाबाइट फ्लॅश आणि एक किंवा तीन टेराबाइटची डिस्क मिळून वापरणाऱ्याला एकच ड्राइव्ह दिसे. हा प्रकार कॅशहून वेगळा होता. कॅशमध्ये असते ती नक्कल, मूळ प्रत डिस्कवरच राहते. फ्यूजन ड्राइव्हमध्ये प्रत एकच असे आणि वापरानुसार तीच फ्लॅशवर किंवा डिस्कवर हलवली जाई. त्यामुळे दोन्हींची क्षमता मिळून मोजता येई आणि नव्याने लिहिलेले आधी फ्लॅशवर उतरे, त्यासाठी सुमारे चार गिगाबाइट जागा मोकळी ठेवलेली असे. वापरणाऱ्याला यात काहीच ठरवावे लागत नसे. पण दोहोंपैकी एक भाग बिघडला तर सगळीच माहिती धोक्यात येई. आणि फ्लॅश पुरेशी असली तरच ही योजना चांगली चाले. २०१५ मध्ये अ‍ॅपलने एक टेराबाइटच्या मॉडेलात फ्लॅश १२८ वरून २४ गिगाबाइटवर आणली. नाव तेच राहिले, पण वेगाचा मोठा भाग त्या काटछाटीत गेला.

शेवटचा प्रयत्न

एप्रिल २०१७ मध्ये इंटेलने ऑप्टेन मेमरी आणली. तिच्यातली थ्रीडी एक्सपॉइंट चिप ही फ्लॅश नव्हती. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेला तो नवाच प्रकार होता. लहान विखुरलेल्या वाचनात तो फ्लॅशहून सरस होता आणि झिजतही कमी होता. तांत्रिकदृष्ट्या डिस्कला जोडण्यासाठी याहून चांगली कॅश घरगुती बाजारात कधी आली नव्हती. पण १६ गिगाबाइटला ४४ आणि ३२ गिगाबाइटला ७७ डॉलर मोजावे लागत, शिवाय इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि त्याला साजेसा मदरबोर्ड लागे. काही महिन्यांतच क्रुशियलची २५० गिगाबाइटची एसएसडी सुमारे ८० डॉलरना मिळू लागली. तेवढ्याच पैशांत सिस्टिम आणि प्रोग्राम सगळेच फ्लॅशवर ठेवता येत असतील, तर कॅश घेऊन डिस्क सांभाळायला फारसे कोणी तयार नव्हते.

नोव्हेंबर २०२० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ५ हार्ड डिस्कशिवाय, एसएसडी घेऊनच आले. २०२१ मध्ये फ्यूजन ड्राइव्हचा पर्याय असलेले शेवटचे आयमॅक विक्रीतून गेले. जुलै २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि पडून असलेल्या मालापोटी ५५.९ कोटी डॉलरचा तोटा हिशोबात धरला.

काय साधले

या सर्व मार्गांची तुलना केली तर वेगापेक्षा तीन गोष्टी निर्णायक ठरलेल्या दिसतात. पहिली, फ्लॅशचा आकार. रोजचे सामान मावेल इतकी जागा नसेल तर तंत्र कितीही चतुर असो, उपयोग होत नाही. टर्बो मेमरी आणि पहिल्या हायब्रिड डिस्क इथेच अडल्या. दुसरी, वापरणाऱ्यावर पडणारे काम. ड्रायव्हर, विशिष्ट सिस्टिम, विशिष्ट चिपसेट अशा अटी जिथे कमी होत्या, त्या मोमेंटस एक्सटी आणि फ्यूजन ड्राइव्ह लोकांनी अधिक स्वीकारल्या. तिसरी, भावातली दरी. हार्ड डिस्क स्वस्त आणि फ्लॅश महाग, ही दरी होती तोवरच जोडीला अर्थ होता. एक्स२५-एमच्या वेळी फ्लॅश गिगाबाइटला सात डॉलरांच्या वर होती. क्रुशियलची एक टेराबाइटची एसएसडी २०१७ च्या अखेरीस २६० डॉलरना आली, म्हणजे गिगाबाइटला २६ सेंट.

त्या काळात शिकलेल्या गोष्टी मात्र टाकून दिल्या गेल्या नाहीत. आजच्या स्वस्त एसएसडीमध्ये एका पेशीत तीन किंवा चार बिट असतात आणि त्यांवर लिहिणे मंद असते. म्हणून तिच्याच काही पेशी तात्पुरत्या एक-एक बिटाने भरून वेगवान कॅश म्हणून वापरल्या जातात, आणि मोकळ्या वेळात तो मजकूर सावकाश भागात हलवला जातो. डेटा सेंटरमध्ये फ्लॅश आणि फिरत्या चकत्या अजूनही एकत्र नांदतात, कारण तिथे साठवायचे प्रचंड असते आणि रोज लागते ते थोडे. घरच्या जुन्या संगणकासाठी निकाल साधा आहे. त्यात अजून हार्ड डिस्क असेल, तर कॅशच्या वाटेला न जाता सिस्टिमच एसएसडीवर हलवावी आणि जुनी डिस्क छायाचित्रे व चित्रपट साठवायला ठेवावी.